पोळा एका दिवसाचा, दावण बारा महिन्यांची

श्रावणातली अमावस्या जवळ आली की आपल्या जालना जिल्ह्यातल्या गावागावांत बैलांचे दिवस सुरू होतात. आदल्या संध्याकाळी हळद आणि तूप लावून खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी नदीवर, ओढ्यावर, आणि तिथे पाणी नसेल तर बोअरच्या टाकीवर बैल धुतले जातात. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल असा थाट होतो. वेशीत तोरण बांधतात, बैल मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालतात आणि घरी आल्यावर घरची लक्ष्मी त्यांचे पाय धुऊन पुरणपोळीचा घास भरवते. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही, त्याला शिवी देत नाही की पराणी टोचत नाही.

प्रश्न असतो तो दुसऱ्या दिवसाचा. झूल पेटीत जाते आणि तोच बैल पुन्हा आसुडाखाली येतो. काल ज्याचे पाय धुतले, त्याचीच शेपटी आज चिखलात रुतलेल्या गाडीसाठी पिरगाळली जाते. घरातले आठ-दहा वर्षांचे लेकरू हे दोन्ही दिवस पाहत असते. सणाचा दिवस वर्षातून एकदा येतो आणि बाकीचे दिवस तीनशे चौसष्ट असतात. त्या लेकरावर कोणता संस्कार पक्का होत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, आज एकच गोष्ट सांगायची आहे. "जनावरांवर दया कर" असे सांगून लेकराच्या अंगी दया येत नाही. ती रोजच्या कामातून येते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जनावराचे, ठरलेले काम ज्या लेकराच्या अंगावर असते, ते लेकरू दयाळू होते. आणि मोठी माणसे आपल्या वाट्याचे काम चुकवत नाहीत, त्याच घरात हा धडा टिकतो.

लेकरे ऐकतात कमी, पाहतात जास्त

"मुक्या जनावराला मारू नये" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोलले जाते. पण धार काढताना गाय पाय झाडते आणि धार काढणारा उठून तिच्या पाठीत काठी घालतो, तेव्हा शेजारी उभे असलेले पोर वाक्य विसरते आणि काठी लक्षात ठेवते. संध्याकाळी तेच पोर शेळीच्या करडाला काठीने ढोसते. मग आपण त्याच्यावर ओरडतो. खरे तर त्याने काही नवे केलेले नसते. घरात जे पाहिले तेच त्याने गिरवलेले असते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गाय पाय का झाडते हे पाहायला जो माणूस खाली वाकतो, सडाला चीर पडली आहे का, कास गरम लागते का, दुधात गाठी येतात का हे तपासतो, त्याच्याकडे पाहणारे पोर फार मोठी गोष्ट शिकते. जनावर उगाच काही करत नाही. त्याला तोंडाने सांगता येत नाही म्हणून ते पायाने सांगते. हे ज्याला लहानपणी उमजले, तो पुढे जनावरावर हात टाकण्याआधी थांबून विचार करील.

आणखी एक गोष्ट. गोठ्यातले बरेचसे काम घरच्या बायकाच करतात. शेण काढणे, वैरण टाकणे, धार काढणे, आजारी वासराला पाजणे हे सगळे त्यांच्याकडे. पोरांच्या बाबतीतही मग शेणघाण मुलीने काढायची आणि गाडी मुलाने हाकायची, अशी वाटणी आपोआप होऊन बसते. ही वाटणी मोडावी. ज्याने कधी शेण उचलले नाही, त्याला जनावराच्या आजाराची पहिली खूण कळत नाही, कारण पुष्कळदा ती शेणातच दिसते. पातळ झाले, घट्ट झाले, आव पडली, जंत दिसले, हे रोज शेण काढणाऱ्यालाच समजते. मुलाच्याही हाती पाटी द्यावी आणि मुलीच्याही हाती कासरा द्यावा.

नाथांची कावड

आपल्या अंबड तालुक्याला लागून गोदाकाठी पैठण आहे. तिथल्या एकनाथ महाराजांची गाढवाची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली नाही असे घर मराठवाड्यात सापडणार नाही. काशीहून गंगेच्या पाण्याची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडले होते. नाथांनी देवासाठी आणलेले पाणी त्याला पाजले.

ही गोष्ट लेकरांना सांगताना आपण बहुधा शेवटी घाई करतो आणि "म्हणून प्राण्यांवर दया करावी" एवढे म्हणून मोकळे होतो. गोष्टीतले खरे मोल कावडीत आहे. ते पाणी फुकटचे नव्हते. किती महिने खांद्यावर वाहून आणलेले, तेच नाथांनी दिले. उरलेसुरले, नको असलेले देणे सोपे असते. शिळी भाकरी कुत्र्याला टाकतो, तेव्हा आपले काही जात नाही. आपल्याला हवे असलेले, कष्टाने मिळवलेले देताना मात्र जीव अडखळतो. दयेची किंमत असते आणि ती कोणाला तरी मोजावी लागते, हे लेकरांना या गोष्टीतून सांगावे.

गाय विते तेव्हा ही परीक्षा आपल्या घरातच होते. खरवस सगळ्यांनाच आवडतो, पोरांना तर फारच. पण वासराला जन्मल्यावर पहिल्या तासाभरात पोटभर चीक मिळालाच पाहिजे. रोगांशी झगडायची ताकद त्याला त्या चिकातूनच मिळते, आणि जसे तास जातात तशी ती ताकद अंगात शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता कमी होत जाते. पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश चीक, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळांत विभागून पाजावा. त्यातून उरेल तो खरवस. "आधी वासरू, मग आपण" हे त्या दिवशी पोराच्या देखत करावे. त्यावर वेगळे प्रवचन करण्याची गरज पडत नाही.

वयाप्रमाणे काम द्यावे

लेकराला काम द्यायचे म्हणजे त्याला गडी करायचे नव्हे. शाळा, अभ्यास आणि खेळ सांभाळून अर्धा तास जाईल एवढेच काम असावे. पण ते त्याचे स्वतःचे असावे, रोजचे असावे आणि त्यावाचून अडावे.

पाच ते सात वर्षांच्या लेकराला कोंबड्यांचे पाणी बदलायला सांगावे. उन्हाळ्यात अंगणातल्या झाडाखाली पाखरांसाठी मातीचे परळ भरून ठेवणे हे याच वयाचे काम. परळ कोरडे दिसले तर रागावू नये. त्याला तिथे नेऊन, चिमणी येऊन रिकाम्या परळाच्या काठावर बसते ते दाखवावे.

आठ ते दहा वर्षांच्या मुलामुलींकडे शेळ्या-करडे किंवा वासरू द्यावे. वासराला गोचिडी झाल्या का हे कानामागे आणि शेपटीखाली पाहणे, दावे गळ्याला घट्ट झाले का हे बोट घालून पाहणे ही कामे त्यांना नीट जमतात. वासरू वाढते आणि दावे तेवढेच राहते. दाव्याने मान चिरलेले वासरू दिसले, तर समजावे की त्या गोठ्यात कित्येक दिवस कोणी बोट घालून पाहिलेले नाही.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती गोठ्याची वही द्यावी. प्रत्येक जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो लिहून त्यापुढे जनावर कधी विले, कधी भरवले, लस कधी टोचली, जंताचे औषध कधी दिले, हे लिहायला सांगावे. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या यांची लस द्यायची असते. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा टोचली जाते, आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआरची लस असते. बापाला तारखा आठवत नाहीत, पण सातवीतल्या मुलीच्या वहीत त्या सापडतात, असे घर जनावरांच्या दृष्टीने भाग्याचे म्हणावे.

गुरे चारायला जाणाऱ्या मुलाला दोन गोष्टी घरून सांगून पाठवाव्यात. पावसाने ताण दिलेली, कोवळी, पोटरीत न आलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर त्याला किराळ लागते आणि ते थोड्या वेळात दगावू शकते. तसेच कपाशीवर औषध फवारलेल्या वावराच्या बांधावर जनावर सोडू नये. हे ज्ञान म्हणजेच दया. माया असूनही ज्ञान नसेल, तर मायेच्या हातूनच जनावर मरते.

आणि लेकरांचा जीवही सांभाळावा. वळू, नवी विलेली गाय, मारकी म्हैस यांच्याजवळ लहान पोरांना एकटे पाठवू नये. जनावराच्या अगदी मागे उभे राहू नये, कासरा हाताला गुंडाळू नये आणि गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावावेत. ज्या लेकराला जनावराची भीती बसते, ते पुढे जनावराला मारून ती भीती घालवू पाहते.

आता मोठ्यांचा धडा

लंडनमध्ये १८२४ साली आणि आपल्या मुंबईत १८७४ साली जनावरांचा छळ थांबवण्यासाठी संस्था निघाल्या. शहरात गाड्यांना जुंपलेल्या घोड्याबैलांचे हाल रस्त्यावर सर्वांना दिसत होते. खेड्यात मात्र अशी संस्था बहुधा नसते. तिथे संस्था एकच, आणि ती म्हणजे आपले घर.

स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्या कायद्याने जनावराला छळल्याच्या पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड जास्तीत जास्त ५० रुपये होता. एवढ्या दंडाने कोणाचा हात थांबणार? पण त्या कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी जे नियम झाले, ते प्रत्येक शेतकऱ्याने वाचण्यासारखे आहेत. जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपू नये. अणकुचीदार टोचणीने त्याला हाकू नये. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळीस कधी ओलांडतो ते कळतही नाही. तेव्हा भर उन्हातली नांगरट आणि वाहतूक पहाटे किंवा तिसऱ्या प्रहरानंतरच करावी. त्यात जनावराचे भले आहे, तसे माणसाचेही आहे.

अंबड-घनसावंगीच्या उसाच्या पट्ट्यात आणि तोडीसाठी परमुलखात जाणाऱ्या टोळ्यांत गाडीवर किती मोळ्या चढवायच्या हा रोजचा प्रश्न असतो. जास्त ओझ्याने एका खेपेचे पैसे वाढतात हे खरे. पण चढावर बैल गुडघ्यावर बसला, खांदा सुजला, की आठ-पंधरा दिवस जोडी उभी राहते. मग त्या वाढीव खेपेचा हिशेब कोणी मांडत नाही. खांदेसूज ही बहुधा खडबडीत किंवा न बसणाऱ्या जुवामुळे आणि दोन्ही बैलांची उंची सारखी नसल्यामुळे येते. जू तासून गुळगुळीत करावे, जोड सारखी पाहावी, नवा गोऱ्हा हळूहळू कामाला लावावा. वर्षातून एकदा हळद-तुपाने खांदा मळण्यापेक्षा रोज जू सोडताना त्यावरून हात फिरवावा. गरम लागले, बैलाने अंग चोरले, तर दुसऱ्या दिवशी जुंपू नये. खांदेमळणीच्या रीतीमागचा मूळ विचार हाच असला पाहिजे.

फवारणीचा पंप जनावरांच्या हौदात किंवा हौदाजवळ धुऊ नये. औषधाच्या रिकाम्या डब्याने त्यांना पाणी पाजू नये. दूध लवकर सुटावे म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गाईम्हशीला इंजेक्शन टोचू नये. गोऱ्ह्याचे खच्चीकरण जुन्या पद्धतीने ठेचून न करता पशुवैद्याकडून करून घ्यावे. ही सगळी कामे लेकरांसमोर होतात. ती कशी होतात, यावर घरातले शिक्षण अवलंबून असते.

पुरणपोळीचा अतिरेक

माया कधी कधी जनावराच्या जिवावर उठते, त्याचे उदाहरण सणातच मिळते. पोळ्याला घरोघरी बैलाला पुरणपोळी, धान्य आणि आंबोण भरपूर चारतात. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट चाऱ्यासाठी बनलेले आहे. गोड आणि पिठूळ पदार्थ एकदम पोटात गेले की आतले पाचक जिवाणू बिघडतात, आम्ल वाढते, रवंथ बंद पडते, डावी कूस फुगते आणि जनावर बसून राहते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अशी जनावरे येतात आणि काही दगावतातही. मानाचा एक घास द्यावा, बाकी पोट त्याच्या नेहमीच्या वैरणीनेच भरावे. शेजारीपाजारीही नैवेद्य घेऊन येतात, त्यांना गोड बोलून थांबवावे. शिंगांना तेलाचे रासायनिक रंग लावण्यापेक्षा गेरू बरा. डोळ्यांजवळ तर काहीच लावू नये.

जनावर फुगले, बसले, खाईना झाले, तर घरगुती उपायांत रात्र घालवू नये. १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत पोरांकडूनच लिहून घ्यावा.

दुष्काळात दया कशी टिकते?

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दयेची गोष्ट सांगताना दुष्काळ वगळून चालणार नाही. १९७२ चा दुष्काळ आजही आजोबांच्या बोलण्यात असतो. २०१२-१३ साली पुन्हा तसाच प्रसंग आला. जालना शहर टँकरच्या पाण्यावर जगले, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी त्या डोळ्यांदेखत तोडल्या. मराठवाड्यात ठिकठिकाणी चाऱ्याच्या छावण्या उघडाव्या लागल्या. माणसे आपल्या जनावरांबरोबर महिनोन्‌महिने छावणीत राहिली. ज्यांना ते जमले नाही, त्यांनी मिळेल त्या भावाने जनावरे विकली.

अशा वेळी जनावर विकणाऱ्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दावणीला उपाशी उभे ठेवून मरू देण्यापेक्षा ते दुसऱ्याच्या दावणीला पोट भरून जगावे, असे वाटणे हीही मायाच आहे. पण एक गोष्ट आपण मनाशी कबूल केली पाहिजे. उन्हाळ्यात जनावराचे जे हाल होतात, त्यांची सुरुवात दिवाळीतच झालेली असते. पूर्वी शाळूचा कडबा घरोघर असे. आता कापूस, सोयाबीन आणि फळबागा वाढल्या, ज्वारी मागे पडली आणि तिच्याबरोबर कडब्याची गंजीही लहान झाली. पैशाचे पीक घ्यावे, त्यात वावगे काही नाही. मात्र दावणीला जितकी जनावरे, तितक्यांच्या वैरणीपुरती जमीन त्यातूनच राखून ठेवावी.

हा हिशेब घरातल्या पोरांकडून करून घ्यावा. गणिताचा अभ्यासही होईल. ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला साधारण १० किलो वाळली वैरण लागते. मार्च ते जून हे चार महिने धरले तर १२० दिवसांचे १२०० किलो, म्हणजे १२ क्विंटल झाले. जोडीला २४ क्विंटल. आता आपली कडब्याची एक पेंढी काट्यावर तोलावी आणि २४ क्विंटलला किती पेंढ्या लागतील ते काढावे. मग पोराला गंजीपाशी नेऊन मोजायला लावावे. कमी पडत असतील तर ते दिवाळीनंतर लगेच कळेल आणि तेव्हा उपाय हाती असतात. रब्बीत थोडी ज्वारी वाढवावी, पाणी असेल तर मका किंवा संकरित नेपियर गवताचे चार वाफे करावेत, कुट्टी करून चारावे, म्हणजे पायदळी जाणारी वैरण वाचते. पाण्याचेही तसेच. मोठे जनावर दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. या बाबतीत आपल्या जिल्ह्यातल्या खरपुडी आणि बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांत जाऊन विचारावे.

गंजी मोजणारे लेकरू जेव्हा म्हणते, "बाबा, वैरण एप्रिललाच सरतीय," तेव्हा त्याच्या अंगी खरी भूतदया आली असे समजावे.

म्हातारा बैल

सर्वांत अवघड प्रश्न शेवटच्या दिवसांचा. ट्रॅक्टर आले आणि बैलांची संख्या घटत गेली. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. या कायद्याबद्दल गावात दोन मते असतील. मात्र थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि त्याला सांभाळण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच डोक्यावर आला, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. कोणी रात्री दावे सोडून जनावर दूर नेऊन हाकलून देतात. सोडलेले जनावर दुसऱ्याच्या वावरात शिरते, मार खाते, नाहीतर हमरस्त्यावर वाहनाखाली येते.

यावर सोपा उपाय नाही. तरी तीन गोष्टी करता येतात. एक, जोडी घेतानाच तिच्या म्हातारपणाचा विचार करावा आणि गरजेपेक्षा जास्त जनावरे दावणीला ठेवू नयेत. दोन, थकलेल्या बैलाकडून हलके काम घ्यावे. शेणखतासाठी तो उपयोगी आहेच, आणि सेंद्रिय खताचे मोल आता शेतकऱ्याला नव्याने कळू लागले आहे. तीन, सांभाळणे खरोखरच अशक्य झाले तर गोशाळेत किंवा पांजरपोळात स्वतः नेऊन द्यावे आणि जमेल तेवढी वैरण बरोबर द्यावी. अंधारात सोडून देऊ नये. घरातली लेकरे तेव्हा झोपलेली असली, तरी सकाळी ती रिकामी दावण पाहणारच आहेत. बारा वर्षे कष्ट केलेल्या बैलाचे आपण काय केले, यावरून पुढे आपले काय करायचे, हेही ती मनात ठरवत असतील.

शाळेने काय करावे?

आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतले एक कर्तव्य आहे. पुस्तकातल्या या ओळीला गावात हातपाय फुटावेत, असे गुरुजींना आणि बाईंना वाटत असेल, तर खर्चाशिवाय पुष्कळ करता येते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' मध्ये 'मोरी गाय' आणि 'भूतदया' अशी दोन प्रकरणे आहेत. ती वर्गात वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या गोठ्यातल्या एका जनावराविषयी दहा ओळी लिहाव्यात. त्याला काय आवडते, ते कशाला बिचकते, आजारी पडल्यावर कसे वागते. ज्याला दहा ओळी लिहिता आल्या नाहीत, त्याने अजून आपल्या जनावराकडे नीट पाहिलेले नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना वर्षातून एकदा शाळेत बोलवावे. २०२२ साली गाईबैलांना लम्पी त्वचारोग झाला, तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या वेळी अफवा पुष्कळ पसरल्या. हा रोग माणसाला होत नाही, तो माश्या, डास आणि गोचिडी यांच्यामुळे पसरतो, आजारी जनावर वेगळे बांधून गोठा कोरडा ठेवावा लागतो, एवढी माहिती शाळेतल्या पोरांनी घरी नेली, तर ती भोंग्यावरच्या घोषणेपेक्षा लवकर पटते.

दारातले कुत्रे

गोठ्यातल्या जनावराचा आपल्याला उपयोग असतो, म्हणून त्याच्याशी नीट वागणे एक वेळ सोपे. गल्लीतल्या कुत्र्याचा तसा उपयोग दिसत नाही, आणि म्हणूनच पोरे त्याच्या शेपटीला डबा बांधतात, पिलांवर दगड मारतात. दगड खाल्लेले कुत्रे मग दुसऱ्याच कोणाला चावते. पिलांजवळच्या कुत्रीला डिवचू नये, जेवत्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, हे लेकरांना शिकवावे. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी पिसाळ रोगाची लस द्यावी. चावलेच तर चटणी, चुना, तेल काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. एकदा रोग उलटला की माणूस बहुधा वाचत नाही.

धामण उंदीर खाते, पिंगळा आणि घुबडही उंदीर खातात. ते शेतकऱ्याचे न मागता आलेले गडी आहेत. त्यांना पाहताच दगड उचलणारा हात मोठ्यांनी आधी आपला आवरावा, म्हणजे पोरांचा आपोआप आवरेल.

आज रात्रीपासून घरात एक साधी रीत पाडून पाहावी. ताटावर बसण्याआधी घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारावे, "समद्यांना पाणी पाजलं का? वैरण टाकली का?" आणि ज्याचे काम राहिले असेल त्याने, मग तो घरचा कारभारी का असेना, आधी उठून गोठ्यात जाऊन यावे. तोपर्यंत कोणी घास उचलू नये. आठवडाभर असे केले की लेकरांना दयेवर वेगळे काही सांगावे लागणार नाही, आणि पुढच्या पोळ्याला बैलाचे पाय धुताना आपल्यालाही कसला संकोच वाटणार नाही.